टॉर्ककाका

आमच्या सोसायटीत गुरुवारी कुणी बायोस अपडेट करत नाही.

हा नियम नोटीस बोर्डावर लावलेला नाही, तरी पाळतात सगळे. गुरुवारी कुणी दत्ताला जातं, कुणी स्वामींच्या मठात, कुणी नुसतंच मटण खात नाही. मदरबोर्डाला मात्र कुणीच हात लावत नाही. पार्किंगवरून, पाण्यावरून, लिफ्टच्या देखभाल खर्चावरून चारही विंगांत उभा दावा आहे. एकमत आहे ते एवढ्याच बाबतीत. गुरुवार हा आपल्या पिंपरीकडच्या औद्योगिक पट्ट्याचा सुट्टीचा वार. कारखाने बंद, म्हणून वीजवाल्यांनी दुरुस्तीची कामं काढायचा वारही तोच. बायोस लिहिलं जात असताना मध्येच वीज गेली तर बोर्डाचं काय होतं, हे टॉर्ककाकांनी एका गणपतीत आरतीनंतर आणि प्रसादाआधी सांगितलं होतं. "डोकं उघडून ठेवलंय आणि डॉक्टर लाईट गेली म्हणून घरी गेला. आता शिवणार कोण?" त्या संध्याकाळी खिरापत बरीच उरली.

काकांचं खरं नाव मतदारयादीत असेल. आम्ही सगळे त्यांना टॉर्ककाका म्हणतो आणि ते ओ देतात. दुचाकीच्या असेंब्ली लाईनवर त्यांनी ३४ वर्षं काढली. आधी आकुर्डीकडे, शेवटची काही चाकणला, आणि त्यातली बरीचशी फायनल इन्स्पेक्शनला. म्हणजे दिवसभर समोरून नव्या कोऱ्या गाड्या जाणार आणि यांनी प्रत्येकीत काय चुकलंय ते बघायचं. हा चष्मा निवृत्तीच्या दिवशी कंपनीत जमा करून घ्यायला हवा होता. तो राहिला यांच्याकडेच. निरोप समारंभात कंपनीने घड्याळ दिलं, लाईनवरच्या पोरांनी वर्गणी काढून टॉर्क रेंच दिला. घड्याळ कपाटात आहे, टॉर्क रेंच पिशवीत. लोणच्याच्या बरणीचं झाकण असो, कुकरची शिट्टी असो की नवरदेवाच्या मुंडावळ्या असोत, काका मागे उभे राहून हळूच म्हणणार, "टॉर्क बघ, टॉर्क."

मूळचे ते साताऱ्याकडचे. आयटीआय करून ऐंशीच्या दशकात इकडे आले, पण इकडचा इतिहास असा सांगतात की प्रत्येक उद्घाटनाचा नारळ यांनीच फोडला असावा. १९५४ साली पिंपरीत हिंदुस्तान अँटिबायोटिक्स आली, १९६२ साली एमआयडीसी, १९६६ साली टेल्को, १९७२ साली प्राधिकरण, १९८२ साली महापालिका. "आणि १९८६ साली?" असं कुणीतरी विचारावं म्हणून ते थांबतात. विचारलं की म्हणतात, "मी."

असे काका या पट्ट्यात एकच नाहीत. निगडीत, चिखलीत, मोशीत, स्पाईन रोडच्या दोन्ही अंगांना दर दोन सोसायट्यांमागे एक सापडतो. कुणी मिक्सर खोलतो, कुणी वॉशिंग मशीन, कुणी सोसायटीची लिफ्टच खोलायला निघतो, मग त्याला धरून बसवावं लागतं. आमच्या वाट्याला मदरबोर्डवाला आला. कुदळवाडीच्या भंगारातून काका जुनी कॅबिनेटं उचलून आणायचे. २०२५ च्या फेब्रुवारीत महापालिकेने तो सगळा पसारा पाडला तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नाहीत. कारवाई योग्य की अयोग्य हा त्यांचा मुद्दाच नव्हता. "बोर्डाखालचे स्टँडऑफ आता कुठं मिळायचे?" एवढीच त्यांची चिंता.

आमची पाळी त्याच वर्षी दिवाळीच्या तोंडावर आली. १४ ऑक्टोबरला विंडोज १० चा सपोर्ट संपला, आणि आमच्या जुन्या कॉम्प्युटरने विंडोज ११ घ्यायला नकार दिला. पडद्यावर आलं, टीपीएम २.० नाही. काकांना बोलावलं. त्यांनी तो शब्द वाचला आणि त्यांच्या चेहऱ्यावर माहेरचं माणूस भेटल्याचा आनंद पसरला.

"टीपीएम! टोटल प्रॉडक्टिव्ह मेंटेनन्स! लेका, आमच्या कंपनीत याचे बोर्ड लागले होते दर खांबाला. ते नसेल तर ऑडिटला फेल होणारच."

"आजोबा, हे वेगळं. ही सिक्युरिटीची चिप असते," आमचे चिरंजीव म्हणाले. चिरंजीव डिप्लोमाला आहेत. त्यांचं ज्ञान ताजं असतं आणि हात मऊ.

"चिप असू दे नाहीतर खांब असू दे. मेंटेनन्स नाही ना केलास तू?" काकांनी जुन्या कॅबिनेटच्या जाळीवरून बोट फिरवलं आणि त्या बोटावरची धूळ आम्हा तिघांना आळीपाळीने दाखवली. मग त्याच बोटाने निकाल दिला, "याला व्हीआरएस द्या."

खरेदीला आम्ही मेट्रोने कसबा पेठेला उतरून तपकीर गल्लीत गेलो. एएम५ सॉकेटचा बोर्ड, त्यावर बसणारा एएमडीचा रायझन प्रोसेसर, डीडीआर५ रॅमच्या दोन पट्ट्या. रॅमचा भाव ऐकून काकांनी दुकानदाराला विचारलं, "आवक कमी आहे का?" दुकानदाराने मान डोलावली. चाकणच्या बाजारात कांद्याचा दर ऐकून शेतकरी जसा हसावं की रडावं या बेतात उभा राहतो, तसे काका थोडा वेळ उभे राहिले. फरक इतकाच, की इथे कांदा आमचा नव्हता.

रविवारी सकाळी दहाला बेल वाजली. काका पिशवीसह दारात. पिशवीत चुंबकी टोकाचे दोन स्क्रू ड्रायव्हर, चिमटा, बॅटरी, रंगाचा कधीच न वापरलेला ब्रश, औषधाच्या डब्यांत वर्गवारी केलेले स्क्रू, प्रोसेसरवरची काळी प्लास्टिकची झाकणं जपून ठेवलेली एक जुनी साबणदाणी, निळ्या पुठ्ठ्याचं रजिस्टर आणि टॉर्क रेंच. हा रेंच मदरबोर्डाच्या कुठल्याच स्क्रूला चालत नाही. त्याचा सगळ्यात कमी आकडासुद्धा बोर्डाचे दोन तुकडे करील. पण तो टेबलावर मांडला जातो, पूजेत नारळ मांडतात तसा.

आधी फाईव्ह एस, म्हणजे कारखान्याच्या शिस्तीतली आवराआवर. डायनिंग टेबलावरचं मीठ, मेतकूट, वर्तमानपत्र, विजेचं बिल सगळं हद्दपार. बायकोचं अर्धं चिरलेलं फ्लॉवर "नॉन-मूव्हिंग इन्व्हेंटरी" म्हणून ओट्यावर गेलं. मग टूलबॉक्स टॉक. आम्ही तिघं ओळीत उभे.

"नायलॉनचे कपडे कुणाच्या अंगावर?"

चिरंजीवांची ट्रॅकपँट नायलॉनची होती. ती बदलून आली.

"बोर्डाला हात लावण्याआधी कशाला हात लावायचा?"

"कॅबिनेटच्या पत्र्याला."

"का?"

"अंगातली स्थिर वीज उतरते म्हणून."

"आणि चहा कुठं?"

याचं उत्तर कुणालाच आलं नाही. "जमिनीवर," काका म्हणाले. "टेबलाच्या उंचीला चहा आला की लाईन स्टॉप."

आता प्रोसेसर. हे दृश्य जवळून बघण्यासारखं असतं. पूर्वी एएमडीच्या प्रोसेसरला खालून टाचण्या असायच्या, एएम४ ला १३३१. बोर्डाला नुसती भोकं. २०२२ साली एएम५ आला आणि टाचण्या बोर्डाकडे गेल्या, १७१८. काकांच्या भाषेत, "आधी काटे पोरीच्या स्वभावात होते, आता सासरी आहेत. नांदायचं तर तिनंच अलगद उतरायचं." त्या टाचण्या इतक्या बारीक की तिरपा उजेड टाकला तर मखमलीवरून हात फिरवल्यासारखी एक लाट दिसते. त्या लाटेत एक जरी काटा वाकडा असला तरी रेघ मोडते. काका बॅटरी धरून पाच मिनिटं ती रेघ बघत होते. ज्या डोळ्यांनी त्यांनी हजारो पेट्रोलच्या टाक्यांवरचा रंग बघितला ते हे डोळे. मग दोन बोटांत प्रोसेसर कडेने धरला, कोपऱ्यातला सोनेरी त्रिकोण सॉकेटच्या त्रिकोणाशी जुळवला आणि सोडून दिला. ठेवला म्हणत नाही, सोडला. वरून दाब नाही. मग तरफ खाली. तरफेला जोर लागतो आणि करकर असा एक आवाज होतो, तो पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की गेले वीस हजार. बायको स्वयंपाकघरातून "अगं बाई" म्हणाली. काळं झाकण टुणकन उडालं. काकांनी ते हवेत झेललं आणि साबणदाणीत टाकलं.

"झाकण जपायचं. वॉरंटीत बोर्ड परत द्यायचा झाला तर आधी हेच मागतात."

कूलरच्या खाली थर्मल पेस्ट कंपनीतूनच लावून आलेली असते. असते म्हणजे होती. चिरंजीवांनी "ओली आहे का" बघण्यासाठी तिच्यात अंगठा उमटवून ठेवला होता, सातबाऱ्यावर उमटवावा तसा नीट मधोमध. काका काही बोलले नाहीत. त्यांनी पेस्ट पुसून काढली, पिशवीतली नळी काढली, वाटाण्याएवढा थेंब ठेवला आणि म्हणाले, "अंगठेबहाद्दर." मग कूलरचे चार स्क्रू. इथे काका खुलतात. एक कोपरा दोन फेरे, मग त्याच्या समोरचा तिरपा कोपरा दोन फेरे, मग तिसरा, मग त्याच्या समोरचा. चाकाचे नट आवळायची हीच रीत, इंजिनाच्या हेडची हीच रीत. एक बाजू आधी घट्ट केली की दुसरी उचलली जाते. "संसाराचंही," असं ते पुढे सुरू करणार होते, पण टॉर्क सोडून दुसरं बोलताना त्यांचा हात थांबतो म्हणून आम्ही त्यांना बोलू दिलं नाही.

रॅमच्या वेळी चिरंजीवांनी उत्साहाने पट्ट्या पहिल्या आणि दुसऱ्या खाचेत लावल्या. "दोन आणि चार," काका म्हणाले. "का?" "बोर्डावरच लिहिलंय. वाचायला शिकवत नाहीत का डिप्लोमाला?" खरंच लिहिलं होतं, मुंगीच्या अक्षरात. पट्ट्या काढून पुन्हा बसवल्या. कट् असा आवाज आला तेव्हा काकांनी मान हलवली. ज्याचा आवाज येतो ते बसलं, ज्याचा येत नाही ते नुसतं ठेवलं, असा त्यांचा सिद्धांत आहे. मला तो रॅमच्या पलीकडेही बराच लागू पडताना दिसतो, पण ते असो.

मदरबोर्ड काकांना इतका का आवडतो याचं कारण त्या दिवशी कळलं. आमच्या पट्ट्यात पोका-योके हा शब्द लहान पोरांनाही ठाऊक असतो. जपानी कारखान्यांतून आलेली कल्पना, की वस्तू अशी बनवायची की ती चुकीची बसवताच येऊ नये. रॅमला मधोमध नसलेली खाच, प्रोसेसरला त्रिकोण, २४ पिनांच्या जोडाला एका बाजूची खिटी आणि काही खणांचे कोपरे कापलेले. उलटं लावायचं म्हटलं तरी लागत नाही. "हे आधी नव्हतं," काका म्हणाले, आणि त्यांचा आवाज जरा खाली आला.

१९९५ साली इंटेलने एटीएक्सची रचना आणली, तिच्या आधीची ही गोष्ट. तेव्हा वीजपुरवठ्याचे दोन जोड शेजारीशेजारी लावावे लागत आणि ते दिसायला सारखेच. काळ्या तारांशेजारी काळ्या तारा आल्या तर ठीक, अदलाबदल झाली तर बोर्ड खलास. पोका-योके शून्य. शॉपमधल्या एका कॉम्प्युटरचे जोड काकांनी घाईत असेच लावले होते. रात्रपाळी होती, सुपरवायझर डोक्यावर उभा होता. "वास आला फक्त. धूरसुद्धा नाही." तो जळका बोर्ड भंगारात जाताना त्यांनी मागून घेतला. आज तो त्यांच्या हॉलमध्ये, सत्यनारायणाच्या तसबिरीखाली टांगलेला आहे. खंडेनवमीला त्याची पूजा होते. चालू कॉम्प्युटरची होते ती कॅबिनेटच्या बाहेरून, कारण एका वर्षी कुणाच्या तरी भक्तीची हळद पंख्यातून आत गेली आणि काकांना नरक चतुर्दशीपर्यंत ब्रश मारत बसावं लागलं. ब्रश तेव्हाही वापरला नाही म्हणतात, फुंकरच मारली.

मग बोर्ड कॅबिनेटमध्ये. आधी काकांनी आतले पितळी स्टँडऑफ मोजले. बोर्डाला भोकं नऊ, कॅबिनेटमध्ये स्टँडऑफ दहा. कुणीतरी कधीतरी एक आगाऊ लावून ठेवलेला. तो राहिला असता तर बोर्डाच्या पाठीला टेकून शॉर्ट झाला असता, आणि मग आम्ही महिनाभर प्रोसेसरला, रॅमला, दुकानदाराला आणि शेवटी नशिबाला शिव्या घालत बसलो असतो. दहावा निघाला. बोर्ड बसला. नऊ स्क्रू, आडवेतिडवे, शेवटचा आवळ दोन बोटांचा. "अंगठा आणि मधलं बोट. तर्जनी लावायची नाही, तिला गर्व असतो."

नववा स्क्रू बसला आणि काकांचा फोन वाजला. काकू. काकूंना स्पीकरवर बोलायची सवय आहे म्हणजे काकांना स्पीकरवर ऐकायची आहे.

"झालं का? मागचा पत्रा लावलात का आधी?"

खोलीत शांतता. मागचा पत्रा म्हणजे आयओ शील्ड. यूएसबी, नेट, मॉनिटर यांच्या भोकांची ती चकचकीत पट्टी. ती कॅबिनेटला आतून आधी बसवायची आणि मगच बोर्ड. आमची पट्टी खोक्यात, पारदर्शक पिशवीत, मॅन्युअलखाली निवांत पडली होती. बायकोने ती दोन बोटांत धरून आणून दिली. तर्जनी लागली होती.

"लावतोच आहे," काका फोनमध्ये म्हणाले.

"म्हणजे नऊ स्क्रू काढताय," काकू म्हणाल्या आणि फोन ठेवला.

नऊ स्क्रू निघाले. पत्र्याने काकांच्या करंगळीला बारीकशी चीर पाडली. या पत्र्याला रक्त लागल्याशिवाय तो बसत नाही, असं चिरंजीव म्हणाले. काकांनी त्यांच्याकडे बघितलं नाही. नऊ स्क्रू पुन्हा लागले, त्याच क्रमाने.

शेवटी राहिल्या कॅबिनेटच्या बटणांच्या बारक्या तारा. बटण, रिसेट, दोन दिवे. नऊ सुट्या पिना, त्यांवर तांदळाएवढे जोड. इथे काका दर वेळी चिडतात. "ज्यांनी रॅमला खाच दिली, त्यांनी इथंच अक्कल का गहाण टाकली? तीस वर्षं झाली, हे तसंच!" बायफोकल कपाळावर गेला, पुन्हा नाकावर आला. चिमटा, बॅटरी, श्वास रोखून. "बटणाला उलटसुलट नसतं. दिव्याला असतं. ध्यानात ठेव." चिरंजीवांनी पहिल्यांदाच वहीत काहीतरी लिहिलं.

बटण दाबलं. पंखा फिरला. पडदा काळा.

एक मिनिट, काळाच. बोर्डाच्या कोपऱ्यात चार बारके दिवे असतात, प्रोसेसर, रॅम, चित्र आणि बूट. त्यातला रॅमचा पिवळा होऊन बसला होता. "अँडॉन लागलाय," मी म्हणालो. इतकी वर्षं शेजारी राहून लाईनवरच्या अडचणीच्या दिव्याचं नाव तर येतंच. चिरंजीव बटणाकडे झेपावले. काकांनी त्यांचं मनगट धरलं.

"बंद करायचं नाही. ट्रेनिंग चालू आहे."

"कुणाचं?"

"रॅमचं. डीडीआर५ आहे. पहिल्यांदा चालू होताना बोर्ड प्रत्येक पट्टीशी बोलून घेतो, किती वेगाने पळशील, किती थांबशील. आयटीआयचं पोरगं पहिल्या दिवशी लाईनवर उभं केलं तर लगेच नट आवळतं का? पहिले कॅन्टीन कुठं ते विचारतं. लोक इथंच घाबरतात, बंद करतात, खोलतात आणि चांगला बोर्ड परत करून येतात."

आम्ही जमिनीवरचा चहा उचलून जमिनीवरच बसलो. तीन मिनिटं झाली. चार झाली. कूलरच्या पंख्याचा आवाज आणि स्वयंपाकघरात फ्लॉवर चिरल्याचा आवाज. दवाखान्याच्या व्हरांड्यात आजोबा लोक बघतात तसे काका बोर्डाकडे बघत होते. पाचव्या मिनिटाला पिवळा दिवा गेला आणि पडद्यावर बोर्डाच्या कंपनीचं चिन्ह आलं. चिरंजीवांनी उडी मारली. बायकोने देवापुढे साखर ठेवली.

काका मात्र उदास झाले. सगळ्यांचे हात हातात घेऊन झाले, चहा संपला, तरी उठेनात.

"पहिल्याच फटक्यात लागलं," ते म्हणाले.

"मग चांगलंच ना काका?"

"तेच म्हणतो. पहिल्या फटक्यात लागत नाही कधी." त्यांनी बॅटरी लावून आत पुन्हा एकदा बघितलं. कान लावला. तळव्याने कॅबिनेटचा ताप बघितला, तान्ह्या बाळाचा बघतात तसा. मग निळं रजिस्टर उघडून काहीतरी लिहिलं आणि वही मिटली.

पुढच्या रविवारी ते पुन्हा आले, पिशवीसह. सहज आलो म्हणाले, पण चहा आपणहून जमिनीवर ठेवला. बायोसमध्ये जाऊन तापमान बघितलं, पंख्याचे फेरे बघितले, काही न सापडल्याने अर्धा तास आणखी बसले. त्याच्या पुढच्या रविवारीही आले. चिरंजीवांच्या आता लक्षात आलंय, त्यामुळे ते अधूनमधून "आजोबा, थोडा आवाज करतोय असं वाटतंय" असं सांगतात. काका लगेच बसतात.

परवा रजिस्टर टेबलावर राहिलं होतं. मी उघडून बघितलं. तारीख, बोर्डाचा नंबर, विंग, मजला, सगळं ठसठशीत अक्षरात. आमच्या ओळीत शेवटी लिहिलंय: "रिवर्क – १. कारण – घरून फोन. दोष – सापडला नाही. निरीक्षण चालू."